चार्ल्स डाऊ : चार्टच्या मागचा माणूस

आज मूव्हिंग अॅव्हरेज, आरएसआय असे डझनभर इंडिकेटर्स एका क्लिकवर येतात. पण ज्याच्या विचारातून टेक्निकल अॅनालिसिस उभं राहिलं तो चार्ल्स डाऊ ना इंजिनिअर होता, ना गणितज्ञ!

१८५१ साली अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. सहा वर्षांचा असतानाच वडील गेले. शिक्षण फारसं झालंच नाही. पोरगा पत्रकार झाला. १८८२ मध्ये एडवर्ड जोन्स आणि चार्ल्स बर्गस्ट्रेसर या दोघांसोबत त्याने न्यूयॉर्कला छोटीशी वृत्तसंस्था काढली. त्या काळी कंपन्या हिशेब दडवून ठेवत. खरी बातमी आतल्यांना कळे आणि सामान्य माणूस बुडे! म्हणून १८८९ मध्ये निघालेलं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ महत्त्वाचं.

पण बाजार एकूण चढतोय की पडतोय, हे सांगायचं कसं? १८९६ मध्ये त्याने १२ कंपन्यांचे भाव मिळवले आणि १२ ने भागले. बस्स, एवढंच! पहिली सरासरी आली ४०.९४. मोठा कल म्हणजे भरती, मधले चढउतार म्हणजे लाटा आणि रोजची हालचाल म्हणजे नुसते तरंग, असं तो समजावून सांगे.

१९०२ मध्ये, अवघ्या ५१ व्या वर्षी तो वारला. ‘डाऊ थिअरी’ हे नाव इतरांनी नंतर दिलं. भविष्य सांगण्याचा दावा त्याने केला नाही. इंडिकेटर बघून खिशातले पैसे लावण्याआधी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.