तोट्याची बोट आणि वालचंदांचा हिशेब

दर वर्षी ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९१९ साली त्या दिवशी 'लॉयल्टी' ही हिंदी मालकीची आगबोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली, म्हणून हा मान. समारंभांत त्या सफरीचा गौरव होतो. ती बोट तोट्याची ठरून १९२३ साली मोडीत निघाली, ही गोष्ट सहसा उच्चारली जात नाही. शेठ वालचंद हिराचंद यांची ओळख तेथूनच करून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंदांचे मन घरच्या कापूस-सावकारीच्या धंद्यात रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या फाट्याचे कंत्राट घेतले. मजूर, माल, पैसा आणि मुदत यांचा मेळ ज्यास घालता येत नाही, त्याचे दिवाळे निघते. कंत्राटदारीचा हा धडा बोरघाटातील बोगद्यांपर्यंत त्यांस पुरला.

मग असा माणूस १८९१ सालची जुनी बोट घेतो कसा? महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती रुग्णनौका म्हणून चालविली होती. युद्ध संपताच नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह वालचंदांनी ती विकत घेतली आणि 'सिंदिया' कंपनी उभी केली. धंद्याचा अंदाज बांधण्याआधी बोट घेणे ही नियोजनातील चूकच होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र युद्धाने जहाजांची टंचाई केली होती, आणि थांबणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा परक्यांची मक्तेदारीच येणार होती.

ती मक्तेदारी कशी चाले? नवा प्रतिस्पर्धी दिसला की, लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया कंपनी भाड्याचे दर पाडी. तो बुडाला की दर पुन्हा चढत. १९०६ साली चिदंबरम पिळ्ळे यांनी तुतिकोरिनला काढलेली स्वदेशी कंपनी दरयुद्ध आणि सरकारी रोष यांखाली चिरडली गेली होती. सिंदियावरही हाच प्रसंग आला. अखेर १९२३ साली दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाच्या जहाजांच्या टनभारावर मर्यादा पडली, उतारूंची वाहतूक वर्ज्य झाली. वालचंदांस हा करार मनातून रुचला नव्हता. कित्येकांनी त्यास शरणागती म्हटले. आम्ही तसे म्हणणार नाही. बुडालेल्या कंपनीस करार मोडता येत नाही, तगलेलीस तो बदलून घेता येतो. किनारी वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक १९२८ साली सारा‌भाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. पण स्वातंत्र्यानंतर लवकरच ते धोरण सरकारने स्वीकारले.

बंगलोरचा विमान कारखाना (१९४०) आणि कुर्ल्याची मोटार ही त्यांचीच कामे. विमान कारखाना १९४२ साली सरकारने ताब्यात घेतला. त्यांच्या बहुतेक योजनांस सरकारी गिऱ्हाईक हवे असे, आणि तेच सरकार त्यांचे प्रतिस्पर्धी पोसत असे. ही कोंडी त्यांस अखेरपर्यंत सुटली नाही.

विशाखापट्टणच्या गोदीची कोनशिला १९४१ साली बसली. तेथील पहिले जहाज 'जलउषा' १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९५२ साली गोदीची सूत्रे सरकारकडे गेली. पुढील वर्षी, ८ एप्रिल रोजी, वालचंद निवर्तले.