घाट चढणाऱ्या इंजिनाचा बाप : रुडॉल्फ डिझेल

चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे (म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात) वळणाऱ्या जुन्या डिझेल कार बघा. स्विफ्ट असो, लिनिया असो की व्हिस्टा, बॉनेट उघडलं की बऱ्याचदा एकच इंजिन निघतं, फियाटचं १.३ मल्टिजेट. १२४८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो, स्विफ्टमध्ये ७५ हॉर्सपॉवर, १९० न्यूटन-मीटर टॉर्क. प्रत्येक कंपनीने बारसं वेगळं केलं, पण बाळ तेच. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावलाही ते तयार झालं. गाड्यांचं वेड असलेली पोरं त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायची, आणि हे सगळे आकडे त्यांना तोंडपाठ असायचे. पण ज्याचं नाव आपण पंपावर रोज घेतो तो माणूस कोण होता, असं विचारलं की मेकॅनिकलवालेसुद्धा कम्प्रेशन इग्निशनच्या पुढे सरकत नाहीत. व्हायव्हाला तेवढं पुरतं, हेही खरंच.

रुडॉल्फ डिझेल जर्मन, पण जन्म पॅरिसचा, १८ मार्च १८५८ चा. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. घरची परिस्थिती बेताचीच. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. लंडनला गेले, तिथेही हालच. शेवटी बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते गणिताचे मास्तर होते. घरापासून लांब राहून शिकणं म्हणजे काय, हे होस्टेलच्या पोरांना सांगायला नको.

पुढे शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे शिकवायला होते, रेफ्रिजरेशनमध्ये आपण ज्यांचं नाव वाचतो तेच. वाफेचं इंजिन कोळशातली फार तर दहा टक्के उष्णता कामाला लावतं, बाकी सगळी धुराड्यातून वाया, हे त्यांनी वर्गात सांगितलं आणि कार्नो सायकल शिकवली. आपण कार्नो सायकल शिकतो, परीक्षेत काढतो आणि विसरतो. हा पठ्ठ्या विसरला नाही. टायफॉइडमुळे १८७९ ची परीक्षा हुकली, ती त्याने जानेवारी १८८० मध्ये दिली आणि अव्वल मार्कांनी पास झाला.

मग दहा-बारा वर्षं लिंडेंच्या बर्फाच्या मशिनांची नोकरी आणि उरलेल्या वेळात इंजिनाचा ध्यास. १८९२ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. कल्पना अशी, की सिलिंडरमध्ये नुसती हवा एवढी दाबायची की ती आपोआप तापेल, आणि त्या तापल्या हवेत इंधन सोडलं की ते ठिणगीशिवाय पेटेल. सायकलचा पंप मारताना खालचं टोक गरम लागतं, तेच हे, फक्त कितीतरी जास्त दाबाने. कागदावर त्याने २५० ॲटमॉस्फिअरचा दाब मांडला होता. तो त्या काळच्या कुठल्याही कारखान्याला झेपणारा नव्हता. त्याने तो खाली आणला, ज्वलनाची पद्धतही बदलली, आणि पेटंट वेगळं, इंजिन वेगळं असं होऊन बसलं. विरोधक हा मुद्दा जन्मभर उगाळत राहिले.

आउग्सबुर्गच्या कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंधन आत गेलं, स्फोट झाला, दाब मोजणाऱ्या इंडिकेटरचे तुकडे उडाले. माणसं वाचली. डिझेल मात्र खूष, कारण इंधन पेटतं हे तर सिद्ध झालं! १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चाललं, जेमतेम एक मिनिट. त्यानंतर अजून तीन वर्षं गेली. १७ फेब्रुवारी १८९७ ला प्रोफेसर श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. बोअर २५० मिलिमीटर, स्ट्रोक ४००, एकच सिलिंडर, म्हणजे जवळजवळ साडेएकोणीस लिटर. १५४ आरपीएमला सुमारे १८ हॉर्सपॉवर. मल्टिजेट याच्या एक पंधरांश आकारात चौपट ताकद देतं. पण त्या दिवशीचा खरा आकडा होता २६.२ टक्के कार्यक्षमता. वाफेच्या इंजिनाच्या अडीचपट! जगभरातून लायसन्स घ्यायला लोक धावले. अमेरिकेतल्या बुश नावाच्या बिअरवाल्याने दहा लाख मार्क मोजले. चाळिशीच्या आत डिझेल कोट्यधीश झाला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. त्याच्या पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते.

चाचणीतलं इंजिन ज्यांनी बनवलं तीच माणसं ते चालवत होती. विकलेली इंजिनं मात्र परक्या कारखान्यांत, परक्या हातांत गेली. पहिलं १८९८ मध्ये केम्प्टेनच्या काडेपेटीच्या कारखान्यात लागलं, दोन सिलिंडर, साठ हॉर्सपॉवर. तिथे कटकटी सुरू झाल्या. तेव्हा इंधन आत फवारायला दाबलेली हवा लागायची, त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर जोडलेला असायचा. कधी तो बिघडायचा, कधी फवाऱ्याची जाळी तुंबायची, कधी व्हॉल्व्ह गळायचा. दुरुस्त करून पुन्हा चालू करायचं, पुन्हा तेच. इतर गिऱ्हाइकांकडून इंजिनं परत यायला लागली. डिझेलच्या नावाने आउग्सबुर्गला निघालेला स्वतंत्र कारखाना लवकरच बसला. १८९८ च्या शरद ऋतूत डिझेल स्वतःच कोलमडला आणि त्याला सॅनिटोरियममध्ये ठेवावं लागलं. डोकेदुखीने पुढे त्याची पाठ कधी सोडली नाही.

इंजिनाला भरवशाचं बनवलं ते आउग्सबुर्गच्या लाउस्टरसारख्या इंजिनिअरांनी, वर्षानुवर्षं एकेक भाग सुधारत. त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं जहाज समुद्रापार गेलं, तोवर इंजिनाबद्दलची शंका फिटली होती.

डिझेलची स्वतःची गणितं मात्र चुकत गेली. म्युनिकला महालासारखा बंगला बांधला, जमिनीच्या व्यवहारात पैसा बुडाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. १९०८ च्या सुमारास त्याने गाडीत बसेल असं छोटं इंजिनही करून पाहिलं, पण कॉम्प्रेसरचं लोढणं छोट्या इंजिनाला परवडेना.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून ड्रेस्डेन या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबत्यांबरोबर जेवला, दहाच्या सुमारास केबिनकडे गेला. सकाळी अंथरुण तसंच घातलेलं, न मोडलेलं. दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत परत पाण्यात सोडलं. त्या वस्तू मुलाने, ऑयगेनने, ओळखल्या. खून झाला, गुप्तहेरांनी ढकललं, अशा कहाण्या आजही चघळल्या जातात. कर्जाचा डोंगर बघितला तर मला त्या पटत नाहीत.

छोटं इंजिन झालं, पण तो गेल्यावर. बॉशने १९२७ मध्ये इंधनपंप कारखान्यात बनवायला घेतला आणि तो हवेचा कॉम्प्रेसर कायमचा गेला. १९३६ मध्ये मर्सिडीज २६० डी ही डिझेल कार आली, ती टॅक्सीवाल्यांनी उचलून धरली. टर्बोचं पेटंट स्विस इंजिनिअर ब्यूखी याने १९०५ मध्येच घेतलं होतं, म्हणजे डिझेल जिवंत असताना. १९९७ मध्ये कॉमन रेल कारमध्ये आलं, आणि २००३ मध्ये मल्टिजेट. त्यात इंधनाचा दाब १६०० बारच्या आसपास, आणि टायमिंगला बेल्ट नाही, चेन. ही चेन पुष्कळ टिकते, पण ऑइल वेळेवर बदललं तरच. काळं पडलेलं ऑइल तसंच ठेवलं की चेन ताणते, आणि मग गॅरेजवाल्याची दिवाळी.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. पण भोर-महाड रस्त्यावर त्या गाड्या अजून दिसतात. वरंध चढून आलेला जुना ड्रायव्हर थांबल्यावर लगेच चावी फिरवत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो तो ऑइलच्या पातळ थरावर. इंजिन एकदम बंद केलं की ऑइलचा पुरवठा थांबतो आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये उरलेलं ऑइल करपतं. म्हणून तो गाडी मिनिटभर तशीच फुरफुरत ठेवतो, तंबाखू मळतो, आणि मग बंद करतो.