प्रकाशवैद्य नील्स फिन्सेन

उत्तर अटलांटिक महासागरांत फेरो नांवाचीं बेटें आहेत. तेथें पाऊस व धुकें यांचा अंमल फार, आणि हिवाळ्यांतला दिवस कांहीं तासांचाच. त्यांपैकीं टोर्सहाव्न या गांवीं १५ डिसेंबर १८६० रोजीं नील्स फिन्सेन यांचा जन्म झाला. उन्हाला पारख्या असलेल्या मुलखांतला हा मुलगा पुढें प्रकाशानें रोग बरे करणाऱ्या शास्त्राचा जनक झाला, ही गोष्ट आम्हांस मोठी नवलाची वाटते.

शाळेंत ते चमकले नाहींत. डेन्मार्कमधील ज्या शाळेंत त्यांस प्रथम घातलें, तेथील मुख्याध्यापकांनीं मुलगा मनाचा चांगला, परंतु बुद्धीनें व उत्साहानें कमी, असें मत दिलें. तेव्हां वडिलांनीं त्यांस आइसलंडांत रेक्याविक येथील शाळेंत पाठविलें. १८८२ सालीं शेवटच्या परीक्षेस पंधरा विद्यार्थी होते. त्यांत फिन्सेन यांचा क्रमांक अकरावा लागला. मुलांचें प्रगतिपुस्तक हातीं घेतांना पालकांनीं ही संख्या आठवण्यास हरकत नाहीं.

पुढें कोपनहेगन येथें ते वैद्यक शिकूं लागले, आणि वर्षभरांतच त्यांस दुखण्यानें गांठलें. यकृत, प्लीहा व हृदय यांचा तो विकार होता व त्यानें जन्मभर त्यांची पाठ सोडली नाहीं. राहतें घर उत्तराभिमुख. आंत ऊन म्हणून येत नसे. रक्तक्षय व थकवा यांनीं गांजलेल्या या तरुणाच्या लक्षांत आलें कीं, उन्हांत बसलें म्हणजे बरें वाटतें. छपरावर ऊन खात पडलेलें मांजर सावली येतांच उठून पुन्हा उन्हांत सरकतें, हें त्यांनीं पाहिलें होतें असें सांगतात. मांजराला कळतें तें वैद्यकाला कां कळूं नये, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना.

१८९३ सालीं त्यांनीं देवीच्या रोगाविषयीं निबंध प्रसिद्ध केला. रोग्यास तांबड्या पडद्यांच्या खोलींत ठेवावें, म्हणजे दाहक निळे-जांभळे किरण त्वचेवर पडणार नाहींत व वण कमी राहतील, असा त्यांचा विचार होता. आमच्याकडे ज्यांनीं देवीचे वण असलेलीं माणसें पाहिलीं आहेत, त्यांस या प्रयत्नाचें मोल सांगावयास नको. इतर डॉक्टरांस मात्र तसा गुण आढळला नाहीं, आणि ती पद्धति मागें पडली.

त्यांचें खरें यश दुसरीकडे आहे. त्वचेच्या क्षयास ल्यूपस म्हणत. तो बहुधा चेहऱ्यावर होई, नाक व ओंठ झडत, आणि रोगी लोकांत तोंड दाखविण्यास धजत नसे. नोव्हेंबर १८९५ मध्यें अशाच एका इंजिनियरवर फिन्सेन यांनीं विजेच्या कमानदिव्याचा प्रकाश भिंगांतून एकवटून सोडण्यास आरंभ केला. पूर्वीचे सर्व उपाय थकले होते. या उपायानें कांहीं महिन्यांत गुण आला. १८९६ सालीं संस्था स्थापन झाली. तेथील मोठ्या दिव्यास चार नळ्या असत; एकेका नळीखालीं एक रोगी. किरणांची उष्णता पाण्यानें काढून घेत. रक्त किरण शोषून घेतें, म्हणून परिचारिका स्फटिकाचें भिंग त्वचेवर दाबून धरी व त्या जागेंतील रक्त हटवी. एकेका बैठकीस तासभर लागे, आणि अशा बैठका महिनोन् महिने चालत. किरणांबरोबर त्या परिचारिकांच्या चिकाटीचीही आम्ही नोंद करतों. १९०० सालीं, पुढें राणी झालेल्या अलेक्झांड्रा यांनीं असा दिवा लंडनच्या रुग्णालयास दिला.

जंबुपार किरण जंतूंस मारतात, अशी फिन्सेन यांची समजूत होती. २००५ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं जुनीं भिंगें तपासलीं, तेव्हां अतिह्रस्व किरण त्यांतून पार होतच नव्हते असें दिसलें. जंतूंतील पॉर्फिरिन नांवाचीं द्रव्यें प्रकाशानें चेतून प्राणवायूचें मारक रूप निर्माण करीत असावींत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उपाय खरा, स्पष्टीकरण अपुरें, असें शास्त्रांत पुष्कळदां घडतें.

आज तांबड्या व त्यापलीकडील अदृश्य किरणांच्या उपचाराचा बोलबाला आहे. फिन्सेन यांची तांबडी खोली इतर किरण अडविण्यासाठीं होती. आजच्या पद्धतींत तांबडा किरणच औषध मानला जातो. तिचा उगम बुडापेस्ट येथील डॉ. मेस्टर यांच्या प्रयोगांत आहे. त्यांनीं १९६७ च्या सुमारास मंद लेसर टाकला असतां उंदरांचे भादरलेले केंस लवकर वाढले. पेशींतील मायटोकॉन्ड्रियांत एक एन्झाइम हे किरण शोषतो व पेशीस शक्ति मिळते, अशी प्रमुख उपपत्ति आहे. ती अद्याप निर्विवाद नाहीं. कर्करोगाच्या उपचारानें तोंड येतें, त्यावर हा प्रकाश उपयोगी ठरला आहे. परंतु बाजारांतील दिव्यांच्या जाहिराती सर्व व्याधींचें नांव घेतात, त्यांपैकीं बहुतेकांस पुरावा तोकडा आहे.

१९०३ सालीं फिन्सेन यांस वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें घेण्यास स्टॉकहोमला जाण्याइतकी शक्ति त्यांच्यांत उरली नव्हती. ते चाकांच्या खुर्चींत होते. पारितोषिकांतील मोठा भाग त्यांनीं आपल्या संस्थेस व यकृत-हृदयाच्या रोग्यांसाठीं असलेल्या आरोग्यधामास दिला. अखेरच्या काळांत ते आपलें अन्नपाणी मोजून घेत व शरीरांत सांचणाऱ्या मिठाचा हिशेब ठेवीत. त्यावरील त्यांचा निबंध १९०४ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं कोपनहेगन येथें ते वारले. त्यांचें वय त्या वेळीं ४३ वर्षांचें होतें.