गुणाचा भाव आणि माणसाचे स्थान

गुणाला बाजारात भाव आला, म्हणून गुणी माणसाला समाजात स्थान मिळतेच असे नाही. पालवणकर बाळू यांचे जीवन हे याचे ठळक उदाहरण होय.

चर्मकार कुटुंबात १८७६ साली जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात दरमहा ४ रुपये वेतनावर खेळपट्टीची देखभाल करीत. सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी सिद्ध झाली. पुढे पुण्यातील हिंदू संघाला गोऱ्यांवर विजय हवा होता. त्यासाठी बाळूंना प्रवेश मिळाला. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडू निःसंकोच झेलीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना नमवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले, तेही दीर्घ झगड्यानंतर. १९५५ साली बाळू निवर्तले.

२०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, तेव्हा सर्वांनी कौतुक केले. अशा मुलांचे केवळ सत्कार करून भागणार नाही. निर्णय जेथे होतात, तेथे त्यांना जागा मिळाली पाहिजे. बाळूंना नेमके तेच नाकारले गेले होते.