फुलांचा धंदा आणि महात्मा जोतीराव फुले

आपल्याकडे आडनाव बहुधा गावावरून पडते, नाही तर वतनावरून. धंद्यावरून पडलेली आडनावेही पुष्कळ आहेत; पण धंद्यावरून पडून साऱ्या महाराष्ट्राच्या जिभेवर राहिलेले आडनाव एकच, आणि ते म्हणजे फुले. जोतीराव गोविंदराव फुले यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. त्या गोऱ्ह्यांचे फुले कसे झाले आणि फुलांच्या त्या धंद्याने या थोर पुरुषास काय दिले, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे. जोतीरावांचे समग्र चरित्र आमच्या वाचकांस ठाऊक आहे असे धरून चालावयास हरकत नाही. त्यांच्या चरित्रातील शाळा, ग्रंथ, सत्यशोधक समाज यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मळ्याविषयी मात्र फार थोडे.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकणे बरे. आपल्या ज्ञातीत फुलमाळी, हळदेमाळी, जिरेमाळी असे जे पोटभेद सांगतात, त्यांची नावे पिकांवरून आलेली आहेत. कोणी फुले पिकवी, कोणी हळद, कोणी जिरे. एकाच मातीतली, एकाच मोटेच्या पाण्यावर वाढणारी ही पिके. पण त्यांच्यावरून माणसांत रोटीबेटीच्या भिंती उभ्या राहिल्या. जोतीराव जन्माने फुलमाळी. परंतु अशा भिंती त्यांनी कधीच मानल्या नाहीत, आणि एका ज्ञातीच्या स्मरणिकेत आपले चरित्र छापलेले पाहून ते कितपत प्रसन्न झाले असते याचा आम्हांस संशयच आहे. तरीही आपल्या घरची ओळख आपणच सांगितली पाहिजे म्हणून आम्ही हे धाडस करीत आहोत.

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात कटगुण नावाचे गाव आहे. गोऱ्ह्यांचे मूळ ठिकाण ते. जोतीरावांचे पणजे तेथे चौगुला होते. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे वैर झाले, ते विकोपाला गेले, आणि अखेर त्यांस गाव सोडून पुरंदर तालुक्यातील खानवडीस यावे लागले. त्यांचे चिरंजीव शेटिबा यांच्या काळात घरास गरिबी आली आणि ते मुलांबाळांसह पुण्यास आले. राणोजी, कृष्णा आणि गोविंद हे शेटिबांचे तिघे मुलगे. पुण्यात या भावांनी फुलांचे काम उचलले आणि पाहता पाहता त्यात असे नैपुण्य मिळविले की, त्यांची कीर्ती पेशव्यांच्या वाड्यापर्यंत गेली. हार-गजरे करणारे शहरात पुष्कळ होते. यांचे वैशिष्ट्य असे की, ते फुलांच्या गाद्या, उशा, इतकेच नव्हे तर फुलांचे पोशाखही तयार करीत. शेवटच्या पेशव्यांनी प्रसन्न होऊन या घराण्यास ३५ एकर जमीन इनाम दिली. लोक त्यांस फुलेच म्हणू लागले आणि गोऱ्हे हे नाव मागे पडले.

फुलांची गादी म्हणजे काय, याचा आजच्या वाचकाने क्षणभर विचार करावा. मोगरा हिवाळ्यात छाटावा लागतो. त्याआधी पाणी तोडून झाड ताणावर सोडावे लागते, तेव्हा कोठे उन्हाळ्यात ते कळ्यांनी भरते. शेवंती मागच्या वर्षीच्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या मुनव्यांपासून लावतात. तिचा शेंडा वेळेवर खुडला नाही तर ती उंच वाढते आणि फुटवे धरीत नाही, आणि दिवस लहान होऊ लागल्याखेरीज ती फुलत नाही. मोगऱ्याची कळी उमलण्यापूर्वीच खुडावी लागते, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ती बाजारात पोचेपर्यंत जिवाला स्वस्थता नसते. एवढ्या खटाटोपातून जमलेले फूल गादीत एक रात्र पडते आणि सकाळी उकिरड्यावर जाते. हे ज्ञान पोथीत नव्हते, ते हातात होते. त्याची किंमत करणारा कोण, तर ज्याच्या अंगाखाली ते फूल चुरगळे तो.

इनामाची गोष्ट फार काळ सुखाची राहिली नाही. थोरले राणोजी यांनी सगळी जमीन आपल्या एकट्याच्या नावे करून घेतली. तिघांच्या बोटांनी मिळविलेले धन एकाच्या पदरी पडले. १८१८ साली पेशवाईच बुडाली. धाकट्या गोविंदरावांस हाती उरले ते केवळ कसब. त्या कसबावर त्यांनी स्वतंत्र दुकान मांडले, मळा केला, आणि फुले व भाजीपाला यांच्या बळावर नेटका संसार उभा केला. भावाभावांच्या वाटण्या आपल्या घरोघर झाल्या आहेत. तेव्हा या प्रसंगाचे अधिक विवेचन करण्याची गरज आम्हांस वाटत नाही.

याच घरात ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई मूल तान्हे असतानाच गेल्या आणि सगुणाबाईंनी त्यांचा सांभाळ केला. गोविंदरावांनी मुलास शाळेत घातले खरे. पण दुकानावरील कारकुनाने त्यांच्या मनात भरवून दिले की, माळ्याच्या पोरास लिहिणे-वाचणे शिकवून काय व्हावयाचे, तो धंद्यास मात्र निकामी होईल. बापाला ते पटले. मुलाच्या हातातली पाटी गेली आणि खुरपे आले. पुढे शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. मधली जी वर्षे मळ्यात गेली, ती वाया गेली असे चरित्रे वाचणाऱ्यास वाटते. आमचे मत निराळे आहे. पुढे शेतकऱ्याविषयी लिहिताना त्यांच्या लेखणीत जी खतामातीची ओळख दिसते, तिची मुळे याच वर्षांत असावीत.

१८४८ साल उजाडले. ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान, त्याच वर्षी भिड्यांच्या वाड्यात निघालेली मुलींची शाळा, शिकविण्यास उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई, लोकांचा क्षोभ आणि वडिलांचे घर सोडून पडलेली पावले, हे सर्व सर्वश्रुत आहे. सावित्रीबाईंविषयी एकच नोंदवितो. १८५४ साली त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात पिवळ्या चाफ्यावर, जाईच्या फुलावर, जाईच्या कळीवर, गुलाबावर स्वतंत्र कविता आहेत. नायगावच्या नेवसे पाटलांची ही कन्या सासरी आली आणि सासरचे आडनाव तिने ग्रंथाच्या नावात घेतले.

वडिलांचे घर सुटले तसे फुलांचे दुकानही सुटले. पण जोतीराव नोकरीच्या मागे लागले नाहीत. धातू ओतण्याच्या मुशी विकण्याचा व्यापार त्यांनी केला. बांधकामाचे ठेके घेतले. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा ठेकेदार म्हणून संबंध आला. आणि मिळालेला पैसा त्यांनी कोठे घातला? पुण्याच्या पूर्वेस मांजरी येथे जमीन घेऊन मळा केला! ज्या धरणाच्या कामास साहित्य पुरविले त्याच धरणाचा कालवा त्या बाजूस वाहत होता. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन ठेवले, त्यात स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली आहे. ग्रंथकार म्हणून त्यांचे नाव तेव्हा झालेले होते. तरी ओळख सांगताना त्यांनी शेती विसरली नाही. (आज मुंढवा-मांजरी रस्त्यावरच भारत सरकारचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय उभे आहे. त्या जागेची निवड कोणी जोतीरावांची आठवण ठेवून केली असेल असे नाही. पण योग मोठा मौजेचा खरा.)

मांजरीच्या मळ्याचे पीक म्हणून आम्ही ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथाकडे पाहतो. सरकार आणि भटशाही यांवरील त्यातील कडक टीका सर्वांच्या लक्षात राहते. मळेकऱ्याच्या कामाचा भाग मात्र कोणी फारसा वाचीत नाही. जोतीराव सांगतात की, पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा, पानेफुले, मेलेल्या जीवजंतूंचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून खालच्या शेतांत येई आणि जमीन आपोआप सकस होई. जंगल खात्याने डोंगर आणि कुरणे बंद केली आणि शेतकऱ्याची गुरे उपाशी पडली, शेत निःसत्त्व झाले. यावर त्यांचे उपाय असे : लष्करातील आणि पोलिसांतील रिकाम्या माणसांकडून जागोजागी ताली व बंधारे घालून पावसाचे पाणी शेतातच मुरेल असे करावे, म्हणजे विहिरींस बाराही महिने पाणी राहील. तळी-तलाव दुरुस्त करावेत. मेंढरांची व गुरांची पैदास सुधारावी. शेतमालाची प्रदर्शने भरवावीत, नांगर हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात व बक्षिसे द्यावीत. शेतकऱ्यांच्या मुलांस परदेशातील शेतकीच्या शाळा पाहता याव्यात. कालव्याच्या पाण्याबद्दल तर ते पोटतिडकीने लिहितात. पाणी नेमके हवे तेव्हा मिळत नाही, सारा मात्र चुकत नाही. म्हणून प्रत्येकाच्या शेतास गरजेपुरते पाणी तोटीने मोजून द्यावे, अशी त्यांची मागणी होती. या ग्रंथाचे भाग त्यांनी गावोगाव वाचून दाखविले आणि बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांनीही ते ऐकले.

पाणलोट क्षेत्र, मृदसंधारण हे शब्द पुढे सरकारी कागदांतून आले. फुलमळेकऱ्याला ते निराळे शिकावे लागत नाहीत, कारण दोन पाणी चुकले की त्याचा मोगरा आणि त्याचे वर्ष दोन्ही जातात. पवनाकाठी, आपल्या चिंचवडच्या आसपास कारखाने येण्यापूर्वी जे मळे होते, त्यांच्या मालकांस हे कोणी समजावून सांगावे लागले नसते. आता त्या मळ्यांच्या जागी गिरण्या, यंत्रशाळा आणि गृहरचना संस्था आहेत. फुले तळेगावाकडून, मावळातून येतात, आणि तीही बंदिस्त हरितगृहांत, ठिबकच्या नळीतून थेंबथेंब मोजलेल्या पाण्यावर वाढलेली. तोटीने पाणी मोजून देण्याची जोतीरावांची कल्पना अशा रीतीने खरी झाली. मात्र ती प्रथम भांडवलवाल्याच्या दारी खरी झाली, हेही येथे सांगितले पाहिजे.

नगरपालिकेतील त्यांच्या कामाचा एक प्रसंग आमच्या व्यवसायाशी निगडित आहे. पुण्यात भाजीपाला व फळफळावळ यांसाठी मोठी मंडई बांधण्याचे ठरले. माळ्याच्या मुलाने तरी या कल्पनेचे स्वागत करावे असे कोणासही वाटेल. जोतीरावांनी विरोध केला. एवढा पैसा दगडी इमारतीत न घालता गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, हे त्यांचे म्हणणे. त्यांचे ऐकले गेले नाही. १८८६ साली ती मंडई रे मार्केट या नावाने उघडली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. ज्या इमारतीस विरोध केला तिलाच त्यांचे नाव लागले, असे म्हणून पुष्कळ लोक हसतात. आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. आपला माल विकण्यास चांगली जागा मिळावी हे खरे. पण मालाचा हिशेब वाचता येणे त्याहून आधी लागते, आणि कारकुनाच्या शब्दावर ज्याची पाटी एकदा हिरावली गेली होती तो माणूस दुसरे काय म्हणणार?

१८८८ साली, म्हणजे ज्या वर्षी मुंबईच्या जनतेने त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली त्याच वर्षी, त्यांस पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. प्रश्नोत्तरांच्या या ग्रंथात एके ठिकाणी फुलांचा प्रश्न येतो. निर्मिकाची पूजा सुगंधी फुले वाहून करावी की नाही, असे विचारणारा विचारतो. जोतीरावांचे उत्तर असे की, फुले निर्मिकानेच सर्व मानवांच्या उपभोगासाठी उत्पन्न केली. त्याचेच त्यास परत देण्यात कसली पूजा आली? मग हार घालावेत कोणाच्या गळ्यात? जे स्वतःच्या कष्टांवर आपले व कुटुंबाचे पोट भरतात आणि जगाच्या कल्याणासाठी झटतात, त्यांच्या.

हे उत्तर दुसऱ्या कोणी दिले असते तर ते केवळ मत ठरले असते. ज्याच्या आजा-चुलत्यांनी पेशव्यांच्या गाद्या फुलांनी भरल्या, ज्याच्या बापाच्या दुकानातून गिऱ्हाइके देवपूजेचे हार नेत, त्याने ते दिले आहे. आपल्याच घरचे गिऱ्हाईक मोडणारे हे उत्तर आहे! आपल्यातील पुष्कळांचा चरितार्थ आजही देवळापुढील हारांवर चालतो. चिंचवडास मंगलमूर्तींच्या दर्शनास येणाऱ्यांस दूर्वा आणि तांबडे जास्वंद कोणी तरी पुरवावेच लागते. त्यांना जोतीरावांचे मत मान्य होईलच असे आम्ही म्हणत नाही, आणि तसा आग्रहही धरीत नाही. सत्यशोधक विवाहातही वधूवर एकमेकांस पुष्पमाला घालीतच. फुलाचा त्यांना राग नव्हता. ते पिकविणाऱ्याच्या गळ्यात कधीच का पडत नाही, एवढेच ते विचारीत होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे देहावसान झाले. आपला देह मिठात घालून घरामागील जागेत पुरावा अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. अस्थी घरी आणून, जेथे त्यांनी आपल्यासाठी जागा योजिली होती तेथे ठेवण्यात आल्या. गंज पेठेतील फुले वाड्याच्या अंगणात आज त्या जागी तुळशीवृंदावन आहे.