हाफकिन आणि पटकी

पूर्वी पटकीच्या नावानेच गावे ओस पडत. पटकी म्हणजे कॉलरा, आतड्यांचा रोग. उलट्या आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन अंगातले पाणी निघून जाते. धडधाकट माणूससुद्धा काही तासांत दगावतो. आज मीठ-साखरेच्या पाण्याने बहुतेक रोगी वाचतात. तेव्हा हा उपाय माहीत नव्हता. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात या रोगाचे जंतू वेगळे काढले होते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या ओडेसा शहरात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी या जंतूंपासूनच लस तयार केली. रोग झाल्यावर नव्हे, तो होऊ नये म्हणून लस टोचतात. पण पहिल्यांदा टोचायची कोणाला? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, पण ते बरे झाले.

१८९३ साली ते भारतात आले. परका माणूस, परके औषध. लोक घाबरले, यात नवल नाही. म्हणून हाफकिन लोकांसमोर आधी स्वतः सुई टोचून घेत. सुमारे अडीच वर्षांत ४०,००० हून अधिक लोकांनी लस घेतली.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्याची लसही त्यांनी मुंबईतच बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःलाच टोचली. १९३० साली त्यांचे निधन झाले. मुलांनो, परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची आहे.