सात तास बोलणारा निवेदक : मेल्व्हिल डी मेलो

आजच्या मुलांना रेडिओ म्हणजे मोबाईलमधलं एक ॲप वाटतं. पण एकेकाळी अख्खा देश एका माणसाच्या आवाजातून दिल्लीत काय चाललंय ते पाहत होता. तो माणूस म्हणजे मेल्व्हिल डी मेलो.

त्यांचा जन्म 1913 मध्ये सिमल्याला झाला. शिक्षण मसुरीत. काही काळ सैन्यात काढल्यावर ते ऑल इंडिया रेडिओत आले. इंग्रजी बातम्या वाचणं आणि धावतं वर्णन करणं हे त्यांचं काम. आवाज भारदस्त, उच्चार स्वच्छ.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आपल्याकडे रेडिओची केंद्रं किती होती? फक्त 6! दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. घरोघरी रेडिओ नव्हते. ज्याच्याकडे असेल त्याच्या दारात लोक गोळा व्हायचे.

30 जानेवारी 1948 च्या संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी बिर्ला हाऊसपासून यमुनेच्या काठापर्यंत अंत्ययात्रा निघाली. लष्करी गाडीवर गांधीजींचा देह होता आणि ती गाडी जवान दोरांनी ओढत होते. रस्त्यावर लाखो माणसं होती. डी मेलो यांनी सुमारे 7 तास या यात्रेचं वर्णन केलं.

जरा विचार करा. क्रिकेटच्या सामन्यात निदान धावा सांगता येतात. इथे यात्रा मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बोलणाऱ्यालाही दुःख होतंच. आवाज फुटला तर वर्णन थांबणार, आणि कोरडा राहिला तर ऐकणाऱ्याला खोटा वाटणार. त्यात देशात फाळणीची आग अजून धुमसत होती, एखादा चुकीचा शब्दही महागात पडला असता. डी मेलो यांनी तोल सुटू दिला नाही. समोर दिसेल ते साध्या शब्दांत सांगत राहिले.

1963 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1989 मध्ये ते गेले. पण भारतीय रेडिओचा विषय निघाला की ते 7 तास आजही आठवले जातात.

शिक्षक मित्रांनो, वर्गात एक करून बघा. एका मुलाला खिडकीशी उभं करा, बाकीच्यांना डोळे मिटायला सांगा. बाहेर दिसतंय ते त्याने 2 मिनिटं न थांबता सांगायचं. पालकांनाही हे घरी जमेल. 2 मिनिटं किती लांब असतात ते मुलांना कळेल. मग त्यांना या माणसाच्या 7 तासांची गोष्ट सांगा.